भाऊबिजेचे नाणे

आमच्या देव्हाऱ्यात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, कुलदैवताचे टाक आणि शाळिग्राम यांच्या पंगतीला गेली जवळजवळ पन्नास वर्षे एक रोमन सम्राट बसलेला आहे. बसलेला म्हणण्यापेक्षा पालथा पडलेला म्हणणे अधिक बरोबर. कारण आईला त्याच्या तोंडाशी कर्तव्य नाही. तिला हवी आहे ती नाण्याची दुसरी बाजू. तीवर सूर्य आहे. डोक्याभोवती किरणांचा मुकुट, उजवा हात उंचावलेला, डाव्या हातात पृथ्वीचा गोल आणि खांद्यावरून घेतलेले उपरणे. भोवती लॅटिनमध्ये लिहिलेले आहे : ‘अजिंक्य सूर्यास, सोबत्यास’. आईला लॅटिन येत नाही, पण सूर्यनारायण तिने बरोबर ओळखला. दर रथसप्तमीला हे नाणे चिंच-मिठाने घासून लख्ख होते आणि त्याला कुंकू लागते.

हे नाणे १९७६ साली भाऊबिजेला लंडनहून आले. आईच्या लग्नानंतरची ती दुसरी दिवाळी. मामा १९६८ मध्ये विलायतेला गेला आणि तिथल्या टपालखात्यात पत्रे निवडण्याच्या कामाला लागला. लग्न केले नाही, मोटार घेतली नाही. पाकिटात नाणे आणि चार ओळी होत्या. ‘धाकटे, या खेपेला ओवाळणी लंडनची घालतो आहे. लंडनातच पाडलेलं नाणं आहे, साडेसोळाशे वर्षांपूर्वीचं.’ आमच्या आळीत त्या दिवाळीला करंजीपेक्षा या नाण्याचीच चर्चा जास्त झाली असे म्हणतात. तेव्हापासून कोणी पाहुणा आला की आई सांगायची, “दादानं पाठवलंय. लंडनचं आहे.”

मामा २०२१ मध्ये गेला. पुढच्या वर्षी तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एका स्नेह्याने त्याची एक पत्र्याची पेटी आणून दिली. तीत चौतीस लहान पाकिटे, एक भिंग आणि एक वही. प्रत्येक पाकिटात एक नाणे आणि सगळी नाणी लंडनच्या टांकसाळीची. मी एकदा त्याला विचारले होते, रोमची का नाही जमवत? तो म्हणाला, “रोमची सगळेच जमवतात. मी ज्या गावात भाडं भरतो तिथली जमवतो.”

मी मराठीचा मास्तर. माझा नाण्यांशी संबंध पगाराच्या दिवसापुरता. पण मे महिन्याची सुट्टी होती, वही मामाच्या अक्षरात होती, आणि ते अक्षर वाचता वाचता मी त्या टांकसाळीत कधी शिरलो ते कळले नाही.

लंडनला टांकसाळ निघाली ती एका बंडखोरामुळे. करॉसियस नावाचा आरमाराचा सरदार होता. चाच्यांचा बंदोबस्त करायला त्याला नेमले. पण चाच्यांकडून परत मिळवलेली लूट तो खजिन्यात भरत नाही असा बोभाटा झाला आणि सम्राटाने त्याला मारण्याचा हुकूम काढला. यावर करॉसियसने इसवी सन २८६च्या सुमारास सरळ ब्रिटन ताब्यात घेतले आणि स्वतःलाच सम्राट म्हणवून घेतले. फौज ठेवायची तर पगार हवा, पगाराला नाणे हवे, नाण्याला टांकसाळ हवी. त्याच्या लंडनच्या नाण्यांवर खाली ‘एम एल’ ही अक्षरे दिसतात.

या गृहस्थाच्या चांदीच्या नाण्यांवर ‘आर एस आर’ अशी तीन अक्षरे येतात. पुष्कळ वर्षे पंडित मंडळी ती एका मोठ्या हिशेबनीसाच्या हुद्द्याची आद्याक्षरे समजत होती. १९९०च्या दशकात एका इंग्रज अभ्यासकाने दाखवून दिले की ही व्हर्जिलच्या चौथ्या गोपगीतातल्या, सुवर्णयुग परत येत असल्याचे सांगणाऱ्या तीन शब्दांची आद्याक्षरे आहेत. आणि ब्रिटिश म्युझियममधल्या करॉसियसच्या एका पदकावर जी सहा अक्षरे कोणाला लागत नव्हती, ती त्याच कवितेच्या पुढच्या ओळीची निघाली! मामाने इथे वहीत समासात लिहिले आहे, ‘भाच्याला सांगणे.’ सांगायचे राहिले. पण भाषेच्या मास्तराला याहून काय हवे? चाच्यांच्या लुटीवर डल्ला मारल्याचा ज्याच्यावर आळ, त्याने पगाराच्या नाण्यावर कविता छापावी आणि ती हिशेबनीसाच्या नावावर खपावी.

करॉसियसला २९३ मध्ये त्याच्याच अलेक्टस नावाच्या कारभाऱ्याने मारले, आणि अलेक्टसला तीन वर्षांनी रोमच्या फौजेने. त्या विजयाचे एक सोन्याचे पदक १९२२ साली फ्रान्समध्ये आरासजवळ सापडले. त्यावर वेशीपाशी गुडघे टेकून हात पसरलेली लंडननगरी आहे, समोर घोड्यावर कॉन्स्टँशियस, खाली नदीत होडी. आणि त्याला म्हटले आहे ‘शाश्वत प्रकाश परत आणणारा’. पदक मात्र पाडले जर्मनीतल्या ट्रिअरच्या टांकसाळीत. लंडनला प्रकाश मिळाला, पण त्याची पावती दुसऱ्या गावची.

पुढे ३०६ मध्ये हा कॉन्स्टँशियस यॉर्कला वारला आणि सैन्याने तिथेच त्याच्या मुलाला, कॉन्स्टंटाइनला, सम्राट केले. मामाच्या पेटीतली बहुतेक नाणी याची. ती ओळीने मांडली तर महागाई म्हणजे काय हे आमच्या सौभाग्यवतींनाही समजावून सांगावे लागत नाही. २९४च्या सुधारणेत ठरलेले तांब्याचे मोठे नाणे सुमारे दहा ग्रॅमचे, वर चांदीचा पातळ मुलामा. ३१३ च्या आसपास तेच साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेर येते. नाव तेच, सम्राट तोच, मजकूर तितकाच भारदस्त. “दुधासारखं,” ती म्हणाली आणि आत गेली.

३२१ ते ३२४ या काळातल्या लंडनच्या नाण्यांवर वेदीवर ठेवलेला पृथ्वीगोल आणि ‘सुखी शांतता’ असे शब्द आहेत. ती सम्राटाच्या नावाने निघाली तशी त्याच्या क्रिस्पस या थोरल्या मुलाच्याही नावाने निघाली; शिरस्त्राण घातलेला, तरुण, देखणा. ३२५च्या सुमारास टांकसाळ बंद झाली आणि ३२६ मध्ये बापाने या मुलाला ठार करवले. मागोमाग सम्राज्ञी फाउस्टाही गेली. फाउस्टाची आणि सम्राटाची आई हेलेना हिची लंडनची नाणी अत्यंत दुर्मीळ. मामाने वहीत या दोघींसाठी पेन्सिलीने दोन वर्तुळे आखून ठेवली आहेत. ती कोरीच राहिली. बाकीची नाणी काही श्रीमंतांचा खेळ नव्हे. २०१० साली सॉमरसेटमध्ये फ्रोमजवळ एका रुग्णालयातल्या स्वयंपाक्याला शेतात एकच रांजण सापडला, त्यात रोमन नाणी निघाली ५२,५०३! त्यांत करॉसियसची सातशेहून अधिक होती.

आता मुद्द्याची गोष्ट. नाणे कोणत्या गावचे, हे ओळखायचे कसे? मागल्या बाजूला चित्राच्या पायाखाली एक आडवी रेघ असते. तिच्या खाली बारीक अक्षरांत टांकसाळीची खूण. ‘पी एल एन’ म्हणजे लंडन, लॅटिनमध्ये लोंदिनियम. पण फ्रान्समधले ल्यों शहर रोमनांच्या काळी लुग्दुनुम होते, त्याचाही आरंभ ‘एल’नेच. त्याची खूण ‘पी एल जी’. दोन्ही टांकसाळींतून हाच सूर्य, हाच मजकूर, त्याच वर्षांत बाहेर पडत होता. सगळी भिस्त तिसऱ्या अक्षरावर, आणि शतकानुशतके मातीत पडलेल्या नाण्याचे तिसरे अक्षर हिरव्या कीटाखाली गेले म्हणजे विकणाऱ्याच्या चिठ्ठीवर जे असेल तेच गाव!

एवढे शिकल्यावर माणूस काय करील? मी स्नान करून देव्हाऱ्यातले नाणे उचलले आणि भिंग लावले. चिंचेने शेवटचा कीटही ठेवला नव्हता. सूर्याचे नाक गेले होते, बोटे गेली होती, पण रेघेखालची तीन अक्षरे शाबूत होती. पी. एल. जी.

मी नाणे जागेवर ठेवले. वर्गात विद्यार्थ्यांच्या चुकांवर लाल शाई ओतताना हात कधी अडखळला नाही. पण आई शेजारच्या खोलीत वाती वळत होती आणि पंचाहत्तरीजवळ आलेल्या बाईला काय सांगणार? की तुझ्या भावाची लंडनची ओवाळणी लंडनची नव्हेच?

त्याच वेळी मला १९८९ सालची एक दुपार आठवली. मामा आला होता. मी नऊ वर्षांचा. त्याने हे नाणे उचलून खिडकीशी नेले, खिशातून हेच भिंग काढले आणि फार वेळ तो पाठमोरा उभा राहिला. मी विचारले, काय दिसतं? तो म्हणाला, “सूर्य.” नाणे परत ठेवले आणि चहा मागितला.

मी वहीतले ते वर्ष काढले. तिथे लिहिले होते : ‘धाकटीकडचं पाहिलं. ल्योंचं आहे. चिठ्ठीवर भरवसा ठेवला. बोललो नाही. खरं द्यावं.’ चौतिसावे पाकीट मी तोवर नीट वाचले नव्हते. त्यावर नाव, वजन काही नाही, फक्त ‘भाऊबीज’. आत तोच सूर्य, गडद चॉकलेटी रंगाचा, आणि पायाखाली स्पष्ट पी एल एन. त्यानंतर मामा तीनदा इकडे येऊन गेला. स्वेटर आणले, चॉकलेटे आणली. हे पाकीट का नाही आणले, कोण जाणे. नाणे बदलायचे म्हणजे आधी चूक सांगायला हवी, हेच कारण असावे.

गेल्या भाऊबिजेला मी दोन्ही नाणी तबकात ठेवली आणि आईला सगळे सांगितले. वहीतली ओळही वाचून दाखवली. तिने चष्मा पुसला.

“म्हणजे खिडकीशी उभा होता तो याच्यासाठी?” ती म्हणाली. “चहा निवला तरी येईना. मला वाटलं, नोकरीचं काही बिनसलंय. मी आपली विचारलं नाही.”

मग तिने दोन्ही नाणी तळहातावर घेतली, अंगठ्याने चाचपली, आणि चॉकलेटी नाणे पाहून म्हणाली, “हे किती काळं पडलंय. चिंच भिजत घालते.”

मी जवळजवळ ओरडलोच. हा काळेपणा म्हणजेच नाण्याचे वैभव, संग्राहक त्याला हात लावत नाहीत, घासले की किंमत निम्म्याहून खाली येते, असे सगळे वहीतले ज्ञान मी एका दमात सांगितले.

“तुला विकायचंय का?” आईने विचारले.

नाही म्हणालो. शेवटी लंडनचे नाणे चिंचेतून वाचले. कुंकवातून वाचवता आले नाही.