बक्षीस जानेवारीत, परीक्षा मे महिन्यात!

"लॉन नाही? मग हिरवळीचे गुण शून्य!"

मित्रांनो, हे वाक्य मी स्वतः बोललोय. एका आजींना! अजून आठवलं की कसंतरीच होतं.

झालं असं की, आमच्या गावच्या नगरपरिषदेनं कॉलन्यांसाठी बाग स्पर्धा ठेवली. लेआउटमधल्या ओपन स्पेसवर रहिवाशांनी मिळून बाग करायची, 26 जानेवारीला बक्षीस. मदतीला आम्ही रासेयोचे पोट्टे. गुणपत्रिकाही आम्हीच बनवली, म्हणजे मोठ्या शहरातल्या एका स्पर्धेची जशीच्या तशी उतरवली. हिरवळ 25, फुलझाडं 25, रचना 25, स्वच्छता 25. जर्नल उतरवायची सवय, दुसरं काय!

आता आमचं गाव घाटाखालचं, त्यात पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातलं. बोअरचं पाणी खारं. ते काळ्या मातीला देत राहिलं की माती आवळते, पाणी आत मुरतच नाही. नळ येणार आठ दिवसांनी. आजी म्हणाल्या, "बापा, प्याले पानी नाई, गवताले कुठून आनू?" त्यांच्या कॉलनीत कडुनिंब, सीताफळ, कढीपत्ता, थोडी सदाफुली, सगळं धुण्या-भांड्याच्या पाण्यावर, पाळी लावून जगवलेलं. आम्ही दिले 41 गुण. पहिला नंबर कुणाचा? ज्यांनी लॉनच्या गाद्या अंथरल्या आणि नर्सरीतून कुंड्या आणून मांडल्या त्यांचा.

मे महिन्यात तिकडून गेलो. लॉनचा पार गोणपाट झालेला, कुंड्या गायब. आजींच्या निंबाखाली मात्र पोरं क्रिकेटची भांडणं मिटवत बसली होती.

माझं म्हणणं, स्पर्धा वाईट नाहीत, त्यांची तारीख आणि तराजू चुकतो. वॉटर कप आठवा. 2018 साली त्याचं श्रमदान 8 एप्रिल ते 22 मे, ऐन उन्हात. मोजमाप झालं ते प्रत्यक्ष कामाचं. आपल्या मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडनं त्यात राज्यात दुसरा क्रमांक विभागून मिळवला. उलट वृक्षलागवडीचं बघा. राज्याचं उद्दिष्ट 2016 ला 2 कोटी, 2017 ला 4, 2018 ला 13 आणि 2019 ला 33 कोटी. आकडा लोकांच्या तोंडी बसला तो 'लावलेल्या' झाडांचा, जगलेल्यांचा नाही. आणि 2020 पासून 'माझी वसुंधरा'त नगरपरिषदांनाच गुण मिळतात, म्हणजे आम्हाला तपासणारेही परीक्षार्थीच! त्यांनाही फोटोतली हिरवळ बरी वाटणारच.

म्हणून मी नवी गुणपत्रिका मांडली. अर्धे गुण जानेवारीत, अर्धे 15 मेला. लॉनला गुण नाहीत, सांडपाण्याच्या वापराला आहेत. किती घरं पाळीनं पाणी घालतात, त्यालाही. घाटावरच्या कुठल्या गावानं ती घेतली तर त्यांनी आपल्या पाण्याप्रमाणे बदलावी, आमच्यासारखी उतरवू नये.

साहेबांनी कागद नीट वाचला, मान डोलावली अन् म्हणाले, "सगळं बरोबर आहे रे, पण मे महिन्यात बक्षीस समारंभाला कोणता पाहुणा येईल?"

मी म्हटलं, संध्याकाळी ठेवू. निंबाखाली.

अजून उत्तर आलेलं नाही. कागदाची एक झेरॉक्स आजींकडे देऊन ठेवलीय.