दोष टांकसाळीचा की काळाचा?

वडिलांच्या पश्चात तिजोरी उघडली जाते. लक्ष्मीपूजनाच्या थैलीतून कंपनी सरकारचे रुपये, शिवराई आणि भोकाचे पैसे बाहेर येतात. दोन भाऊ आणि एक बहीण यांच्यात वाटणी व्हावयाची असते. १८४० सालच्या एका रुपयावर राणीच्या गालाशी लहानशी खोल खूण दिसते. धाकटा म्हणतो, "हे टांकसाळीत चुकलेले नाणे आहे, दसपट भाव येईल." बहीण म्हणते, "आधी भिंग आणि तराजू आणा." तिचे म्हणणे रास्त आहे.

दोन ठशांमध्ये धातूची चकती दाबली गेली की नाणे जन्मते. त्या क्षणापर्यंत घडलेली चूक हा टांकसाळीचा दोष. त्यानंतर जे झाले, ती केवळ इजा. संग्राहक पहिल्यास अधिक मोल देतात, दुसरीमुळे मोल घटते.

पहिली कसोटी उठावाची. ठशाला तडा गेला असेल तर दाबलेला धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर उंचावलेली रेघ उमटते. ओरखडा मात्र आत खोदलेला असतो. दुसरी कसोटी कडेची. चकतीच मुळात अपुरी कापली गेली असेल, तर तुटीच्या समोरची कडाही बहुधा अस्पष्ट उठते. नंतर कातरलेल्या नाण्याची समोरची कडा मात्र ठसठशीत राहते. तिसरी कसोटी वजनाची. कंपनी रुपयाचे मूळ वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. वापराने ते किंचित घटते. परंतु कडेवर कानसेच्या खुणा आणि वजनात मोठी तूट असेल, तर चांदी कोणीतरी काढून घेतली आहे. दागिन्यासाठी लावलेल्या कडीच्या डाकाचा डागही इजाच होय.

काही गोष्टी दोषही नसतात आणि इजाही नसते. १९४३ ते १९४७ या काळातील पैशाचे भोक मुळातच योजलेले आहे. शिवराई हाताने ठोकलेली, त्यामुळे तिची अक्षरे कडेबाहेर गेलेली असणे नेहमीचेच. स्वतंत्र भारताच्या नाण्यावर सालाखाली दिसणारा चौकट मुंबईचा, तारा हैदराबादचा आणि गोल टिंब नोएडाच्या टांकसाळीचे चिन्ह होय. कोलकात्याच्या नाण्यांवर चिन्ह नसते.

विक्रीपूर्वी चिंच, राख वा पॉलिश लावू नये. घासलेली झळाळी जाणकाराला लगेच कळते आणि भाव उतरतो. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते. ते परवान्याविना परदेशी पाठविता येत नाही. जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने कोणी शुल्क वा कमिशन मागत असेल, तर ती फसवणूक समजावी. बँकेने २०२१ मध्ये तसा जाहीर इशारा दिला आहे.

भिंगाखाली त्या रुपयावरील खूण आत दबलेली दिसते आणि तिच्या काठाशी धातू सरकलेला आढळतो. वजन जवळपास पूर्ण भरते. ती सराफी छाप निघते. चांदीची पारख करून कोण्या सराफाने मारलेली. धाकटा पुटपुटतो, "घेणाऱ्याला काय कळणार आहे?" थोरला वहीतून मान वर न करता म्हणतो, "आपल्याला कळले आहे ना?"

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताच्या अतिचारांमध्ये प्रतिरूपक व्यवहार गणला आहे, म्हणजे एका मालाच्या नावाखाली दुसरा माल खपविणे. इजा झालेले नाणे दोषाचे म्हणून विकणे याहून वेगळे नाही. वाटणीच्या यादीत त्या रुपयापुढे थोरला लिहितो : 'सराफी छाप असलेला, वजन तपासलेले.' दसपट भावाची आशा संपते. पण खरेदीदारापुढे ही यादी ठेवताना तिघांपैकी कोणालाही नजर चुकवावी लागणार नाही.