गळ टाकण्यापूर्वी

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, व्हाळ आणि ओढे खळाळू लागले, की आपल्या किनारपट्टीवरील माणसाला घरी बसवत नाही. समुद्र खवळलेला असतो, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात, बाजारात सुक्या मासळीचा भाव चढलेला असतो. अशा वेळी हाती विजेरी, कोयती आणि पाग घेऊन माणसे चढणीच्या माशांमागे धावतात. ज्यास जाळे टाकता येत नाही तो गळ घेऊन पुलाच्या कठड्यावर बसतो. या हौसेत काही गैर आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. आज आम्ही याच हौसेविषयी लिहू इच्छितो. आणि त्यासाठी वाचकांना समुद्रापासून शेकडो कोस दूर, ग्वाल्हेरीस नेणार आहोत.

ग्वाल्हेर मराठी माणसाला परके नाही. साताऱ्याकडील कण्हेरखेडच्या शिंद्यांनी तेथे राज्य केले आणि त्यांच्यामागून गेलेली मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या तेथे नांदत आहेत. शहराला पाणी पुरविणारे तिघरा धरण 1916 सालचे. विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्यास प्रथम बसविलेल्या स्वयंचलित दरवाजांची पद्धत पुढे या धरणावर वापरली गेली, हे पुण्याशी त्याचे आणखी एक नाते. आपल्याकडील कोणी पाहुणा आषाढात तिकडे गेला, तिघऱ्याचे विस्तीर्ण पाणी पाहून त्याचे हात शिवशिवले आणि त्याने गळ काढला, तर काय होईल?

मध्यप्रदेशात 1948 चा मत्स्यक्षेत्र अधिनियम आणि 1972 चे नदीय मत्स्योद्योग नियम लागू आहेत. त्यांनुसार दरवर्षी 16 जून ते 15 ऑगस्ट हा ‘बंद ऋतू’ असतो. या दोन महिन्यांत मासे मारणेच नव्हे, तर त्यांची वाहतूक व खरेदी-विक्रीही निषिद्ध आहे. नियमभंगास एक वर्षापर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नदीनाल्याशी ज्यांचा संबंध नाही अशी लहान तळीच काय ती यातून सुटली आहेत. म्हणजे आपल्याकडे ज्या दिवसांत हौशी माणूस घराबाहेर पडतो, नेमक्या त्याच दिवसांत तेथे त्याला घरी बसावे लागते.

ही सरकारी लहर आहे काय? मुळीच नाही. रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात, वाहत्या पाण्यात प्रजनन करतात. अंड्यांनी भरलेली मादी वजनाच्या प्रत्येक किलोमागे लाखाच्या घरात अंडी घालते. ती त्या दिवसांत गळाला लागली, तर एक मासा ताटात येतो आणि पुढच्या वर्षीचे पाणी ओस पडते. बियाणे दळून खाणाऱ्या शेतकऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. मग अंडगाभोळीने भरलेल्या मादीवर ताव मारणाऱ्याला काय म्हणावे?

बंद ऋतू संपला म्हणजे सर्वत्र मोकळे रान मिळते, असेही नाही. ग्वाल्हेरहून आग्र्याच्या वाटेने मुरैना ओलांडले की चंबळ लागते. तेथे 1978 साली मध्यप्रदेशाने अभयारण्य घोषित केले. आज ते तीन राज्यांत पसरलेले आहे. लांब, निमुळत्या जबड्याची घडियाल ही सुसर जाळ्यात अडकली की तिला श्वासासाठी वर येता येत नाही आणि ती बुडून मरते. म्हणून तेथे मासेमारी बारमाही निषिद्ध आहे आणि गुन्हा वन्यजीव कायद्याखाली येतो, ज्याच्या शिक्षा कितीतरी कडक आहेत. इतर तलाव व जलाशय बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्या पाण्यात बीज त्यांनी सोडलेले असते, ठेक्याची रक्कम त्यांनी भरलेली असते. तेथे न विचारता गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या बागेतील आंबे पाडणे होय. सबब प्रथम जिल्ह्याच्या मत्स्योद्योग कार्यालयाची पायरी चढावी, हे पाणी कोणाचे ते विचारावे, परवानगी लेखी घ्यावी आणि मगच गळाला आमिष लावावे.

एका राज्यातील नियम दुसऱ्या राज्यात चालत नाहीत, याचे कारण राज्यघटनेतच आहे. मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील विषय. प्रादेशिक सागरी हद्दीपलीकडील मासेमारी तेवढी केंद्राकडे. सुरुंगाची दारू किंवा विष वापरून मासे मारण्यास 1897 च्या कायद्यानेच बंदी घातली, पण परवाना, ऋतू, माशाचे किमान आकारमान हे ज्या त्या राज्याने ठरवायचे. हिमाचल प्रदेश हौशी माणसाला रीतसर परवाना देतो, किती मासे धरावेत आणि किती लांबीच्या आतला मासा परत सोडावा हे सांगतो, आणि ट्राउट माशासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी बंद ठेवतो. नियम स्पष्ट असला की तो पाळणारा माणूसही सापडतो. कायद्याचे अज्ञान हा बचाव होऊ शकत नाही, हे खरे. परंतु कायदा कचेरीच्या कपाटात आणि नागरिक पाण्याच्या काठावर, अशी स्थिती ठेवून अज्ञानाबद्दल दंड करणाऱ्या शासनालाही आपली जबाबदारी झटकता येणार नाही.

आता आपल्या घरात पाहू. गोव्याने 1980 साली आणि महाराष्ट्राने 1981 साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला. पावसाळ्यातील समुद्रबंदी आपल्या अंगवळणी पडली आहे, कारण ती आपल्या परंपरेशी जुळते. श्रावणात आपण मासे वर्ज्य करतो आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून मगच होडी लोटतो. महाडजवळील वाळण कोंडीतले मासे देवीचे म्हणून कोणी धरत नाही. पूर्वजांनी कायद्याची कलमे लिहिली नाहीत, पण पाण्याला उसंत हवी हे त्यांनी ओळखले होते. मात्र ही उसंत आपण समुद्रालाच देतो. चढणीचे मासे चढतात ते मृगात आणि आर्द्रात, श्रावणाच्या कितीतरी आधी. ते अंडी घालण्यासाठीच प्रवाहाविरुद्ध चढत असतात आणि नेमके तेव्हाच आपण त्यांना वाटेत गाठतो. व्हाळातले मासे पूर्वीसारखे राहिले नाहीत, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. तक्रार करणाऱ्यांनी आपल्या हातातील कोयतीकडेही एकदा पाहावे.

गळावर पोट भरणाऱ्या गरिबाला कोणी कचेरीत हेलपाटे घालायला लावावेत, असे आम्ही म्हणणार नाही. आमचे म्हणणे हौशी मंडळींपुरते आहे. त्यांच्यासाठी अल्प शुल्काचा, तालुक्याच्या ठिकाणी मिळणारा सोपा परवाना असावा. त्याच्या पाठीवर बंद ऋतू, निषिद्ध पाणी आणि सोडून द्यावयाच्या माशांचे आकारमान स्वच्छ मराठीत छापावे. हेच फलक पुलांवर व धरणांवर लागावेत आणि शुल्काचा वाटा स्थानिक मच्छीमार संस्थांना मिळावा. चढणीच्या पहिल्या काही आठवड्यांसाठी तरी व्हाळ व ओढे ग्रामसभांनीच ठराव करून बंद ठेवावेत. त्यासाठी राजधानीच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

मासा गळाला लागणे नशिबाचा भाग असेल. पुढच्या वर्षी पाण्यात मासा असणे मात्र आपल्या संयमाचा भाग आहे. समुद्रापासून इतक्या दूरच्या ग्वाल्हेरीस जो नियम लागू आहे, तो समुद्राच्या कुशीत वाढलेल्या आपणांस जड का जावा?