मोबाइल आधी बहिणीच्या हातात द्या

मे महिन्यात सांगलीला बहिणीकडे गेलो होतो. तिसरीतला भाचा मोबाइलवर एकामागून एक व्हिडिओ पाहत होता. पाचवीतली भाची स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. "तुला नको का मोबाइल?" मी विचारलं. "त्याचं झालं की मिळतो, मामू," ती म्हणाली. त्याचं कधी होतच नव्हतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ते 'होऊ नये' अशीच त्या ॲपची रचना असते. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू. मोबाइल हिसकावून घेतला तर रडारड होते. त्यापेक्षा त्यात संपणारी गोष्ट ठेवावी, असं मला वाटतं.

'प्रथम बुक्स'ने २०१५ मध्ये 'स्टोरीव्हीवर' सुरू केलं. तिथे मुलांची सचित्र पुस्तकं मोफत आहेत, मराठीत आणि उर्दूतही. वाचनाच्या पातळीनुसार ती निवडता येतात. एकदा उतरवून घेतली की नेट लागत नाही.

मी एकच गोष्ट दोन्ही भाषांत उतरवली आणि नेट बंद केलं. भाची मराठी शाळेत जाते, तिची नानी उर्दू शाळेत शिकलेली. एक पान भाचीने वाचलं, तेच पान नानीने उर्दूतून. भाचीने विचारलं, "नानी, तुमचं उलटीकडून का वाचतात?" नानी हसली, "हमारे कू तुम्हाराच उल्टा लगता." तोवर भाचाही येऊन टेकला होता.

ॲप एकटं मुलांना वाचक करत नाही. शेजारी बसून ऐकणारं माणूस करतं. ज्या घरात बोलण्याची भाषा एक आणि शाळेची दुसरी, तिथे तर त्याची जास्तच गरज आहे. नाहीतर शाळेतलं वाचन शाळेतच राहतं.

'इक्रा' म्हणजे 'वाच'. हा शब्द आपण मुलांना लहानपणीच सांगतो. तो फक्त मुलांसाठी आहे, मुलींसाठी नाही, असं कुठेही म्हटलेलं नाही. पण घरातल्या एकुलत्या मोबाइलची पाळी लावताना आपण तसंच वागतो.

मित्रांनो, मैत्रिणींनो, मोबाइल तुमच्याकडे आहे. या सुट्टीत रोज वीस मिनिटं घरातल्या किंवा शेजारच्या मुलांसोबत बसा. नेट बंद ठेवा. आणि पहिली पाळी तिची असू द्या, जी कांदा चिरते आहे. उरलेला कांदा भाऊ चिरेल.