शालेय वृत्तपत्राने केलेली पडताळणी

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, मिसुरीच्या सीमेलगत, पिट्सबर्ग नावाचे एक लहान शहर आहे. पेनसिल्व्हानियातील पोलादाचे प्रसिद्ध शहर ते हे नव्हे. येथील हायस्कूलचे विद्यार्थी ‘बूस्टर रीडक्स’ नावाचे वृत्तपत्र चालवितात. खेळांचे सामने, स्नेहसंमेलने, नव्या शिक्षकांचा परिचय असा त्यातील मजकूर सर्वसाधारण शालेय अंकासारखाच असे. २०१७ च्या मार्च महिन्यात शाळेच्या नियामक मंडळाने वार्षिक ९३ हजार डॉलर वेतनावर नव्या प्राचार्यांची नियुक्ती केली, आणि प्रथेप्रमाणे त्यांचा परिचय करून देणारा लेख लिहिण्याचे काम विद्यार्थ्यांकडे आले. लेख स्वागताचाच व्हावयाचा होता.

परिचय लिहावयाचा म्हणजे शिक्षण कोठे झाले हे सांगणे आले. नव्या प्राचार्यांनी पदव्युत्तर पदवी आणि डॉक्टरेट ‘कॉर्लिन्स युनिव्हर्सिटी’ या संस्थेतून मिळविल्याचे सांगितले होते. मुलांनी त्या संस्थेचे नाव संगणकावर शोधले, तेव्हा पैसे घेऊन पदव्या देणाऱ्या संस्थांविषयीच्या मजकुरातच ते वारंवार समोर येऊ लागले. एखाद्या उतावळ्या वार्ताहराने तेथेच मथळा बांधला असता. या मुलांनी तसे केले नाही, आणि या प्रकरणाचे खरे मोल येथे आहे. त्यांनी त्या संस्थेला अधिकृत मान्यता होती काय, याचा शोध घेतला. संबंधित कार्यालयांकडे विचारणा केली. आणि स्वतः प्राचार्यांशी दूरध्वनीवरून सविस्तर बोलून त्यांची बाजू ऐकून घेतली. आपण पदव्या मिळविल्या तेव्हा संस्थेबाबत कोणताही प्रश्न नव्हता, अशी त्यांची भूमिका होती. मात्र उत्तरांतील तारखा परस्परांशी जुळत नव्हत्या. ३१ मार्च रोजी वृत्तांत छापून आला. ४ एप्रिल रोजी प्राचार्यांनी राजीनामा दिला आणि मंडळाने तो स्वीकारला.

व्यापारी घराण्यांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. अनोळखी गिऱ्हाईकाने मोठी उधारी मागितली, तर पेढीवरील जाणता माणूस आधी बाजारात चार ठिकाणी चौकशी करतो. बँकेतही कर्जाच्या अर्जासोबत आलेल्या दाखल्यावरील शिक्का पाहून काम भागत नाही. तो शिक्का उमटविण्याचा अधिकार कोणाला आहे, हे पाहावे लागते. पिट्सबर्गच्या मुलांनी नेमके हेच केले. पदवीचा कागद आहे की नाही, एवढ्यावर न थांबता कागद देणारा कोण, हे त्यांनी विचारले. प्रौढांच्या निवड समितीने जो प्रश्न पुरेसा विचारला नाही, तो सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी विचारला, कारण त्यांना तो छापावयाचा होता. आपल्या नावाने चार ओळी छापून येणार असल्या की माणूस त्या चार वेळा तपासून पाहतो. निबंधाच्या वहीत ही सवय लागत नाही. तेथे वाचणारे एकच शिक्षक असतात, आणि चूक झाली तर फार तर दोन गुण जातात.

मोठ्यांच्या वर्तनाचीही येथे नोंद घ्यावयास हवी. वृत्तपत्राच्या मार्गदर्शक शिक्षिका प्राचार्यांची मुलाखत घेणाऱ्या समितीत होत्या. हितसंबंधांचा प्रश्न ओळखून त्या या वृत्तांतापुरत्या बाजूला झाल्या, आणि मुलांना शाळेबाहेरील जाणकाराचे साहाय्य मिळाले. ज्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या कारकिर्दीत ही नियुक्ती झाली, त्यांनीही वृत्तांत रोखला नाही. त्यांच्यामागे कायदाही होता. केवळ विषय वादग्रस्त आहे म्हणून विद्यार्थ्यांचे लिखाण दडपता येणार नाही, असे संरक्षण देणारा कायदा कॅन्ससने १९९२ मध्येच केला होता.

असा कायदा करण्याची वेळ का आली, याचे उत्तर शेजारच्या मिसुरी राज्यात मिळते. १९८३ च्या मे महिन्यात तेथील हेझलवूड ईस्ट हायस्कूलच्या प्राचार्यांनी ‘स्पेक्ट्रम’ या शालेय वृत्तपत्राची दोन पाने छपाईपूर्वी काढून टाकली. एका लेखात शाळेतील गर्भवती विद्यार्थिनींचे अनुभव होते, दुसऱ्यात पालकांच्या घटस्फोटाचा मुलांवरील परिणाम होता. आक्षेप या दोन लेखांपुरता होता. परंतु पानेच गेल्यामुळे त्यांवरील इतर निरुपद्रवी लेखही गेले. विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि १९८८ मध्ये पाच विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल शाळेच्या बाजूने लागला. शिक्षणाच्या दृष्टीने सयुक्तिक कारण असेल, तर शाळेच्या वर्गात तयार होणाऱ्या वृत्तपत्रावर शाळेस नियंत्रण ठेवता येईल, असे न्यायालयाने ठरविले.

त्या प्राचार्यांना सरसकट खलनायक ठरविणे योग्य होणार नाही. नावे बदलली असली तरी त्या मुली ओळखू येतील, ही त्यांची भीती अनाठायी नव्हती. घटस्फोटाच्या लेखात वडिलांवर आरोप होते आणि त्यांना उत्तर देण्याची संधी मिळालेली नव्हती, हा आक्षेप तर कोणताही चांगला संपादक घेईल. फरक इतकाच की, संपादक लेख परत देतो आणि “वडिलांना विचारून या” असे सांगतो. हेझलवूडमध्ये तेवढे सांगितले गेले नाही. पाने काढली गेली आणि अंक छापून आल्यावरच ते मुलांच्या ध्यानात आले. दुसऱ्या बाजूचे म्हणणे का घ्यावयाचे, हा धडा शिकविण्याची उत्तम संधी समोर असताना शाळेने ती दवडली. पिट्सबर्गची मुले त्या बाबतीत भाग्यवान ठरली.

आपल्याकडील शाळांतही लेखनाची परंपरा लहान नाही. हस्तलिखिते, भित्तिपत्रके आणि वार्षिकांक यांत मुले कविता लिहितात, सहलीची वर्णने लिहितात, थोर पुरुषांची चरित्रे उतरवून काढतात. वार्षिकांकाच्या आरंभी विश्वस्तांची छायाचित्रे आणि शुभसंदेश, शेवटी देणगीदार पेढ्यांच्या जाहिराती, असा क्रम रूढ आहे. या सर्वांत न आढळणारी गोष्ट एकच, विद्यार्थ्याने स्वतः चौकशी करून लिहिलेली बातमी. विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्या देशातील बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करावी लागते. तेव्हा कॉर्लिन्ससारखी नावे आपल्या वाचकांनाही फार दूरची वाटावयास नकोत.

हा विषय या मासिकाच्या वाचकांना विशेष लागू पडतो. आपल्यापैकी अनेकजण शिक्षणसंस्थांचे देणगीदार आहेत, कित्येक विश्वस्त मंडळांवर आहेत. मुलांनी धाडसी व्हावे, चिकित्सक व्हावे, असे पारितोषिक वितरणाच्या भाषणात सांगणे सोपे असते. त्याच मुलांनी शुल्काच्या पावतीवरील एखाद्या रकान्याचा अर्थ विचारला, तर कार्यालयातील चेहरे कसे होतील, याची कल्पना करून पाहावी. पेढीवर आपल्या मुलाने जमाखर्चातील चूक दाखविली तर आपण सुखावतो, घरात वारसदार तयार झाला असे मानतो. संस्थेत तीच चौकसता उद्धटपणा ठरते.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. दर महिन्याला एक पान, नववीतील पाच-सहा मुले, भाषेचे किंवा वाणिज्याचे एक शांत स्वभावाचे शिक्षक आणि दोन नियम: प्रत्येक विधानाला कागद किंवा साक्ष हवी, आणि ज्याच्याविषयी लिहावयाचे त्याला आधी विचारले पाहिजे. हे नियम पाळून लिहिलेला मजकूर अप्रिय आहे म्हणून काढला जाणार नाही, एवढी हमी मात्र विश्वस्तांनी लेखी द्यावी. प्रारंभी मुले प्राचार्यांच्या पदव्यांकडे वळणार नाहीत. पहिला प्रश्न बहुधा पिण्याच्या पाण्याच्या टाकीविषयी येईल: ती शेवटची केव्हा धुतली, आणि त्याची नोंद कोणत्या वहीत आहे?