काचेबाहेरचे जाणकार

ज्येष्ठांसाठी संग्रहालयांनी काय करावे, असा प्रश्न निघाला की उत्तर ठरलेले असते. तिकिटात सवलत द्या, दाराशी चाकाची खुर्ची ठेवा, पायऱ्यांशेजारी रॅम्प बांधा. हे सगळे हवेच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर रॅम्प ही कोणाची मेहेरबानीही उरलेली नाही. पण या उत्तरात ज्येष्ठ माणूस म्हणजे दुखरे गुडघे आणि रिकामा वेळ, एवढेच धरलेले असते. संग्रहालयाने द्यायचे आणि त्याने घ्यायचे. त्याच्याकडेही देण्यासारखे काही असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही. आणि सवलतीचा भरवसा तरी किती? रेल्वेत ज्येष्ठ पुरुषांना भाड्यात 40 टक्के आणि महिलांना 50 टक्के सूट होती. कोविडच्या काळात, मार्च 2020 मध्ये, ती काढून घेतली गेली आणि साथ ओसरल्यावरही परत आली नाही. दिलेली सूट एका आदेशाने जाते.

जयपूरकडे पाहिले तर हा विचार किती तोकडा आहे ते कळते.

तिथल्या रामनिवास बागेतल्या अल्बर्ट हॉलची पायाभरणी 6 फेब्रुवारी 1876 रोजी इंग्लंडचे युवराज अल्बर्ट एडवर्ड यांच्या हस्ते झाली. आराखडा सॅम्युअल स्विंटन जेकब यांचा. इमारत कशासाठी वापरायची हे तेव्हा पक्के नव्हते. नगर सभागृह करावे असाही विचार होता. पुढे सवाई माधोसिंह दुसरे यांच्या काळात तिथे कलाकौशल्याच्या वस्तू मांडायचे ठरले आणि 1887 मध्ये संग्रहालय खुले झाले. हेतू स्पष्ट होता: जयपूरच्या कारागिरांनी उत्तम नमुने पाहावेत, त्यांचा हात सुधारावा. म्हणजे हे संग्रहालय उभे राहिले ते शहरातल्या कामकरी माणसांसाठी. आज त्यांचे वारस तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, जुन्या शहराच्या गल्ल्यांत काम करतात. मनिहारों का रास्ता इथे लाखेच्या बांगड्या होतात, खजानेवालों का रास्ता इथे संगमरवरी मूर्ती घडतात. कपाटातली बांगडी किती तापवून वळवली असेल, हे तिथला सत्तरीचा कारागीर नुसते बघून सांगू शकेल. तिच्याखालच्या फलकावर मात्र वस्तूचे नाव आणि शतक, यापलीकडे फारसे काही नसते. 2019 मध्ये युनेस्कोने जयपूरला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा नगररचनेबरोबर ‘छत्तीस कारखान्यां’ची जिवंत कारागिरीही विचारात घेतली. मग त्या कारागिरीचे सर्वांत अनुभवी जाणकार संग्रहालयाबाहेर का?

‘म्हाताऱ्या माणसांना रसच नसतो’ असे यावर सांगितले जाते. हे धादांत चूक आहे. जयपूरच्याच जंतरमंतरमध्ये दरवर्षी आषाढी पौर्णिमेला संध्याकाळी ज्योतिषी जमतात, सुमारे 27 मीटर उंचीच्या सम्राट यंत्रावर चढतात आणि ध्वज धरून वाऱ्याची दिशा पाहतात. त्यावरून पुढच्या पावसाचा अंदाज सांगितला जातो. त्या अंदाजाला हवामानशास्त्राची मान्यता नाही आणि ती असल्याचा दावा इथे करायचाही नाही. मुद्दा असा की जागतिक वारसा ठरलेल्या वास्तूत जाणत्यांना करण्यासारखे काम आहे, म्हणून ते येतात. इतक्या पायऱ्याही चढतात. काम नसेल तिथे कोणीही एकदाच जातो, मग वय विशीचे असो की ऐंशीचे.

आमेरचे अनोखी हातछपाई संग्रहालयही हेच दाखवते. जीर्णोद्धार केलेल्या जुन्या हवेलीत ते 2005 मध्ये सुरू झाले. तिथे छापील कापड मांडलेले आहेच, शिवाय कारागीर समोर बसून लाकडी ठसा कोरतात, कापडावर छाप मारतात. पाहणारा थांबतो, प्रश्न विचारतो. ठशाची नक्षी फलकावर वाचणे आणि ती कोरणाऱ्या हाताकडे पाहणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मोठ्या सरकारी संग्रहालयांत मात्र ही सोय उत्सवापुरती, चार दिवसांच्या कार्यशाळेपुरती उरते. ती रोजची व्हायला हवी, आणि कारागिराला तिचे मानधन मिळायला हवे. फुकट सेवा मागून सन्मान होत नसतो.

अभ्यासकांचा आक्षेप अधिक गंभीर आहे. आठवण म्हणजे पुरावा नव्हे, असे ते म्हणतात. माणूस विसरतो, रंगवून सांगतो, दोन प्रसंग एकात मिसळतो. हे खरे आहे. म्हणून आठवण तपासून घ्यावी लागते. पण तपासण्यासाठी ती आधी नोंदवावी लागते. अमृतसरच्या जुन्या टाउन हॉलमध्ये 2017 मध्ये फाळणीचे संग्रहालय सुरू झाले. त्याचा मोठा आधार म्हणजे वाचलेल्या लोकांचे ध्वनिचित्रमुद्रित अनुभव आणि त्यांनी स्वतःहून दिलेल्या घरच्या वस्तू. वृद्धांना बाजूला ठेवले असते तर ते संग्रहालय उभेच राहिले नसते. कागद तरी अक्षय असतो का? ऑगस्ट 2020 मधल्या मुसळधार पावसात अल्बर्ट हॉलच्या तळघरात पाणी शिरले. ‘तूतू’ या इजिप्शियन ममीला वाचवण्यासाठी तिच्या पेटीची काच फोडावी लागली, आणि भिजलेल्या फायली उन्हात वाळत घालाव्या लागल्या. लेखी नोंद आणि माणसाची आठवण, दोन्ही नाशवंत आहेत. एकीला दुसरीची साथ हवी.

महाराष्ट्रातले उदाहरण घ्यायचे तर पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर 1896 मध्ये जन्मले आणि 1990 मध्ये गेले. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी घराघरांतले दिवे, अडकित्ते, वाद्ये, पेट्या असा रोजच्या वापरातला संसार जमवला. अशा वस्तूंचा अर्थ वापरणाऱ्यालाच पुरता माहीत असतो. फणेरपेटीतल्या एका डबीत मेण का, हे आजच्या वीस वर्षांच्या मुलीला कळणार नाही. कपाळावर आधी मेण लावायचे, मग त्यावर पिंजर, म्हणजे कुंकू टिकते, हे आजी सहज सांगते. आजीला हे विचारायला उशीर झाला तर ती डबी नुसती लाकडाची राहते.

‘पैसा कुठे आहे? आधी वस्तू वाचवू द्या’ हा आक्षेप तर सर्वत्र ऐकू येतो. त्याला उत्तर जोधपूरजवळच्या अरणा-झरणा या वाळवंटी संग्रहालयात आहे. लोककलांचे अभ्यासक कोमल कोठारी यांनी ते उभे केले आणि त्याचा मुख्य संग्रह ठरवला झाडूंचा. राजस्थानच्या वेगवेगळ्या भागांतले, वेगवेगळ्या गवतांचे झाडू. सोने नाही, शिल्प नाही. झाडू कोणत्या गवताचा, कोण बांधतो, घरात कुठे ठेवायचा, हे सगळे ज्ञान गावच्या माणसांकडून आले. इथे खर्च झाला तो ऐकण्यावर.

परदेशातही हे नवे नाही. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाने 2006 पासून स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्ती आणि त्यांचे सोबती यांच्यासाठी, तेव्हा इतरांना संग्रहालय बंद असे त्या दिवशी, चित्रांसमोर गप्पांची बैठक सुरू केली. डेन्मार्कमधल्या आर्हुसच्या डेन गामले बू संग्रहालयाने याच रुग्णांसाठी 1950 च्या दशकातले एक घर जसेच्या तसे सजवले. ब्रिटिश मेडिकल जर्नलने 2019 मध्ये इंग्लंडमधल्या 50 वर्षांवरच्या 6,710 जणांचा 14 वर्षांचा अभ्यास छापला. संग्रहालये, नाटके, मैफली यांना काही महिन्यांतून एकदा तरी जाणाऱ्यांत मृत्यूचा धोका 31 टक्क्यांनी कमी आढळला. यावरून संग्रहालयात गेल्याने आयुष्य वाढते असे कोणी म्हणू नये. अभ्यास निरीक्षणाचा आहे, आणि जो घराबाहेर पडतो तो मुळात धडधाकट असण्याची शक्यता असतेच. पण ज्येष्ठांना संग्रहालयात आणण्याचे समर्थन आरोग्याच्या आकड्यांवर उभे करण्याची गरजच नाही. ती वास्तू त्यांची आहे, त्यातल्या कित्येक वस्तू त्यांच्या हातून गेलेल्या आहेत, एवढे कारण पुरेसे आहे.

तेव्हा दालनात बसायला पाठ टेकणारे बाक ठेवावेत, फलकांची अक्षरे मोठी करावीत, उन्हाळ्यात ज्येष्ठांसाठी सकाळची वेळ राखावी. हे एका वर्षात होण्यासारखे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक संग्रहालयाने आठवड्यातून एक दिवस पेटीतल्या काही वस्तू, हाताळता येतील अशा, ज्येष्ठांसमोर ठेवाव्यात, ते काय सांगतात ते ध्वनिमुद्रित करावे, पडताळावे आणि सांगणाऱ्याच्या संमतीने त्याच्या नावासह सूचीत नोंदवावे. फलक बदलण्याचा अधिकार अभिरक्षकाचाच राहील. पण त्याच्या टेबलावर ही नोंद असलीच पाहिजे.

महाराष्ट्रात गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, फेस्कॉमसारखी त्यांची राज्यव्यापी संघटना आहे. सहली हे संघ काढतातच. पुढची सहल ठरवताना त्यांनी जवळच्या संग्रहालयाला पत्र लिहावे, आणि त्यात सवलत मागू नये. आमच्यापैकी कोणाला काय माहीत आहे त्याची यादी सोबत जोडली आहे, आम्हाला कधी बोलावता, एवढेच विचारावे.