काळ्या खिडकीला घाबरता कशाला?

मंडळी, आज थोडं भांडणार आहे. "मराठी माध्यमाच्या पोरांना कमांड लाइन झेपत नाही, त्यांना बटण दाखवा" हे मी आमच्या सोनाळ्यातही ऐकतो आणि पुण्याच्या नातेवाइकांकडूनही. मला ते साफ अमान्य आहे.

जावाचंच घ्या. सगळ्या दोन आज्ञा. पहिली 'जावासी': ती आपल्या मजकुराचा बाइटकोड करून क्लास फाइल बनवते. दुसरी 'जावा', आणि तिच्यापुढे क्लासचं नाव. मग क्लास लोडर ते नाव क्लासपाथवर शोधतो, सापडलं की आत आणतो, बाइटकोड तपासला जातो आणि 'मेन'पासून काम सुरू होतं. पोरं हटकून नावापुढे 'डॉट क्लास' लावतात आणि उत्तर येतं की मुख्य क्लास सापडला नाही. बरोबरच आहे! लोडरला फाइलचं नाव नको, क्लासचं हवं. टिंबाआधीचा शब्द तो पॅकेज समजतो आणि 'नमस्कार' पॅकेजातला 'क्लास' नावाचा क्लास शोधत बसतो. यात इंग्रजी कुठे आडवं आलं? हा तर व्याकरणाचा नियम झाला. ज्या पोराला समास सोडवता येतो, त्याला हे येणार नाही?

हिरवा बाण दाबला की हे सगळं पडद्याआड जातं. चाललं तर ठीक. नाही चाललं तर "सर, होत नाही" एवढंच. कुठे अडलं ते सांगणार कसं? पायऱ्या पाहिलेल्याच नसतात.

कोणी म्हणेल, २०१८ च्या जावा ११ पासून एका फाइलचा प्रोग्राम 'जावा' या एकाच आज्ञेने चालतो, मग खटाटोप कशाला? सोय चांगलीच आहे. पण ती आज्ञाही काळ्या खिडकीतच लिहायची ना!

मराठीत साहित्य नाही, ही सबबही नको. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात जावाचे धडे मराठी आवाजात फुकट आहेत. क्लासचं नावसुद्धा देवनागरीत चालतं. पूर्वी विंडोजवर फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे हे वेगळं सांगावं लागे. २०२२ च्या जावा १८ पासून तेच गृहीत धरतात.

तेव्हा पालकांनो, मास्तरांनो, पोराला चुकीचा संदेश मोठ्याने वाचायला लावा आणि त्याचा अर्थ मराठीत विचारा. आपल्याला शिकवायचा कंटाळा, आणि बोल मात्र त्याच्या माध्यमाला, हे बरं नव्हे.

बटण काय, नंतर आहेच.